रेषेच्या अलीकडे, रेषेच्या पलीकडे
उत्पन्नाची अट आणि इस्पितळाचे दार : एका मोजमापाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी घोडेगावला शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही 'मोजमाप' या विषयावर बोलत होतो. लांबी झाली, वस्तुमान झाले, तापमान झाले. तेव्हा मागच्या बाकावरून एका गुरुजींनी विचारले, "सर, उत्पन्न कशाने मोजायचे?" सगळे हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांच्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची हृदयशस्त्रक्रिया करायची होती. साल २०१६. सरकारी योजनेत ती मोफत होऊ शकत होती. पण घरची शिधापत्रिका निघाली पांढरी. ती काढली तेव्हा कुटुंब एकत्र होते आणि चुलत्याला पगाराची नोकरी होती. पुढे भाऊ वेगळे झाले, चूल वेगळी झाली; कार्डाचा रंग तोच राहिला. शेवटी दुभती गाय विकून आणि कर्ज काढून शस्त्रक्रिया झाली.

आम्ही त्या दिवशी गुरुजींना नीट उत्तर देऊ शकलो नाही. शाळेच्या अर्जावरचा 'कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न' हा रकाना आपण दरवर्षी भरून घेतो. त्या आकड्यावर शिष्यवृत्ती ठरते आणि कितीतरी वर्षे इस्पितळाचे दारही ठरत होते. हा आकडा आला कोठून, ही रेषा कोणी आखली, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

दुष्काळातली कसोटी

आपल्याकडे 'मदतीला पात्र कोण?' हा प्रश्न सरकारदरबारी ठळकपणे आला तो दुष्काळात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे खडी फोडायला आणि मातीकामाला आली. खर्च कमी ठेवायचा म्हणून व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी पुरुषाची रोजची मजुरी ठरवली : एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. एवढ्या ज्वारीतून साधारण साडेपंधराशे उष्मांक मिळतात. दिवसभर खणणाऱ्या माणसाला ते अपुरे आहेत हे आज कोणीही सांगेल. तेव्हाही मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे सांगितले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्ज केले, आणि मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून निषेध केला.

पुढे दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या अहवालातून दुष्काळ संहिता तयार झाली. तिच्यात उत्पन्न विचारण्याची गरजच ठेवली नव्हती. त्याऐवजी कसोट्या होत्या. पहिली श्रमाची : मजुरी कमी आणि काम कष्टाचे ठेवा, म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल. दुसरी अंतराची : काम घरापासून दूर ठेवा, म्हणजे ज्याचे अडले आहे तोच घर सोडून येईल. कागदपत्र नको, दाखला नको; माणूस स्वतःच स्वतःची निवड करतो. हिशेबाला ही युक्ती सोयीची होती. पण तिच्यात एक क्रूर दोष होता. म्हातारा, आजारी आणि लेकुरवाळी बाई यांना गरज सर्वांत जास्त आणि चालत जाण्याची ताकद सर्वांत कमी. यातली अंतराची कसोटी वाचकांनी लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

तुरुंगातला आहार आणि दारिद्र्याची रेषा

त्याच सुमारास, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचे आपले निबंध वाचले. दादाभाई हे एल्फिन्स्टन महाविद्यालयातले गणिताचे प्राध्यापक. त्यांची पद्धतही गणितीच होती. सरकारी आकड्यांवरून त्यांनी माणशी वार्षिक उत्पन्न काढले. ते सुमारे २० रुपये भरले. मग ते पुरेसे आहे की नाही हे ठरवायला त्यांनी तुरुंगांचे अहवाल घेतले. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जेवढा खर्च करते तेवढेही स्वतंत्र माणसाच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. जगण्याला किमान किती लागते हे आधी ठरवायचे आणि उत्पन्न त्याच्याशी ताडून पाहायचे, ही दारिद्र्यरेषेची मूळ कल्पना येथे स्पष्ट दिसते. लंडनमध्ये चार्ल्स बूथ आणि यॉर्कमध्ये राउन्ट्री यांची प्रसिद्ध सर्वेक्षणे यानंतरची आहेत.

यानंतरचा मोठा टप्पा पुन्हा पुण्यातलाच. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील असा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर परवडतो ती पातळी त्यांनी रेषा म्हणून घेतली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती खेड्यात दरमहा माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आली. या हिशेबाने खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली होते.

येथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. ही रेषा देशातले किती लोक गरीब आहेत हे मोजण्यासाठी होती. अमुक एक घर गरीब आहे का हे ठरवण्यासाठी नव्हती. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान माहीत असले म्हणून आपल्या अंगणात आज किती पाऊस पडला हे कळत नाही, तसेच हे. पण योजना राबवायची तर घरागणिक निवाडा करावा लागतो. मग सरासरीसाठी बनवलेली फूटपट्टी प्रत्येक उंबरठ्यावर लावली जाऊ लागली.

तीन रंग

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्याहून जास्त पण एक लाखाच्या आत असेल तर केशरी, आणि एक लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पांढरी. पाच माणसांच्या घराला १५,००० रुपये म्हणजे माणशी दिवसाला सव्वाआठ रुपयेही नाहीत.

उत्पन्न मोजणे अवघड आहे हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांनी सोबत सहज दिसणाऱ्या खुणा जोडल्या. पिवळ्या कार्डासाठी घरात डॉक्टर, वकील किंवा सनदी लेखापाल नसावा, कोणी आयकर भरणारा नसावा, दूरध्वनी नसावा, चारचाकी वाहन नसावे. जमीन दोन हेक्टर जिरायत, एक हेक्टर अर्धबागायत किंवा अर्धा हेक्टर बागायत यापेक्षा जास्त नसावी. दुष्काळी तालुक्यांत ही मर्यादा दुप्पट. चारचाकी वाहन असेल किंवा चार हेक्टरांहून अधिक बागायत असेल तर कार्ड पांढरे.

आता ही फूटपट्टी जुन्नर-आंबेगावला लावून पाहू. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणाच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला, महादेव कोळी वस्त्या आहेत. पाऊस धो धो पडतो, पण जमीन डोंगरउताराची. थोडे भात, वरकस जमिनीत नाचणी-वरई, आणि हंगामात हिरडा गोळा करून मिळतील ते पैसे. अशा घराच्या सातबाऱ्यावर अडीच हेक्टर जमीन सहज असू शकते, म्हणजे दोन हेक्टरांच्या मर्यादेबाहेर. पूर्वेला नारायणगावकडे द्राक्षे, टोमॅटो, ऊस. तेथे पाण्याखालचे एक एकर म्हणजे अवघे ०.४ हेक्टर, मर्यादेच्या आत. नियमाने जिरायत आणि बागायत हा भेद केला. पण उतार, मातीची खोली आणि बाजाराचे अंतर त्याच्या पट्टीवर नाहीत.

शिवाय कोणत्या वर्षाचे उत्पन्न? २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोचे भाव असे कडाडले की जुन्नर तालुक्यातल्या काही बागायतदारांनी महिन्याभरात डोळे दिपवणारी कमाई केली. काही महिन्यांतच भाव कोसळले. पगारदाराचे उत्पन्न वाहत्या पाटासारखे असते, शेतकऱ्याचे ओढ्यासारखे. एकाच दिवशी मोजून दोघांची तुलना करता येत नाही.

कार्ड हीच किल्ली

धान्यासाठी बनवलेले हे कार्ड पुढे आरोग्याची किल्ली झाले. १९९७ पासूनची जीवनदायी योजना दारिद्र्यरेषेखालच्या लोकांपुरती होती. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्व राज्यात आली. पुणे जिल्हा या दुसऱ्या टप्प्यातला. पिवळ्या आणि केशरी कार्डांच्या कुटुंबांना वर्षाला दीड लाखापर्यंतचे ९७१ प्रकारचे उपचार रोख पैसे न भरता मिळू लागले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. योजनेने अनेकांचे प्राण वाचवले यात शंका नाही. पण रेषा एक लाखाचीच होती, आणि ती १९९९ सालची होती.

१९९९ ते २०१२ या काळात किमती दुपटीहून अधिक वाढल्या. म्हणजे २०१२ चे एक लाख हे १९९९ च्या पन्नास हजारांहून कमी. २०२४ पर्यंत किमती चौपटीहून अधिक झाल्या. तेच एक लाख आता जुन्या पंचवीस हजारांच्याही खाली आले. म्हणजे रेषा न हलवता सरकली होती. आपली मीटरपट्टी दरवर्षी थोडी आखडत असेल तर वर्गातली सगळी मुले उंच झाल्याचा भास होईल, तसेच काहीसे. प्रत्यक्षात कार्डे वारंवार तपासली जात नसल्याने ज्याचे उत्पन्न वाढले तो केशरीच राहिला, आणि ज्याचे घटले तो पांढराच. कार्डाचा रंग हे आजचे उत्पन्न नव्हते; ते जुने छायाचित्र होते.

रेषाही एक नव्हती. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबासाठी राज्याने खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपयांची मर्यादा धरली. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेत १० टक्के खाटा वार्षिक २५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या निर्धनांना मोफत, आणि आणखी १० टक्के ५०,००० पर्यंतच्या दुर्बलांना सवलतीत ठेवायच्या होत्या. त्या मर्यादा पुढे वाढत १,८०,००० आणि ३,६०,००० रुपयांवर गेल्या. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. तिने खेड्यांत उत्पन्न विचारलेच नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतील कच्चे एका खोलीचे घर, भूमिहीनता अशा खुणा पाहिल्या. एकच घर एका खिडकीवर गरीब आणि दुसऱ्या खिडकीवर सधन ठरू लागले.

दोन प्रकारच्या चुका

शिक्षकांना ही अडचण दुसऱ्या रूपात परिचित आहे. ३५ गुणांना पास आणि ३४ गुणांना नापास. पण त्या दोन मुलांच्या ज्ञानात काय फरक असतो? कोणतीही रेषा आखली की दोन चुका संभवतात : अपात्र आत येणे आणि पात्र बाहेर राहणे. नियम कडक केले की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. सैल केले की उलट. मोजमाप ढोबळ असेल तर दोन्ही एकदम शून्यावर आणता येत नाहीत. मग प्रश्न विज्ञानाचा उरत नाही, मूल्यांचा होतो : कोणती चूक अधिक वाईट? श्रीमंताला एक शस्त्रक्रिया फुकट मिळाली तर तिजोरीचे काही हजार किंवा लाख जातात. गरीब बाहेर राहिला तर माणूस जातो, किंवा गाय जाते आणि कर्ज राहते.

आजार तर रेषाच पुसून टाकतो. शस्त्रक्रियेपूर्वी जे घर रेषेच्या वर असते ते बिल भरल्यावर खाली आलेले असते. दाखल्यावर मात्र मागील वर्षाचे उत्पन्न असते.

इंग्लंडमध्ये १८८५ पर्यंत दारिद्र्य कायद्याखाली औषधोपचार घेणाऱ्याला मतदानाचा हक्कही गमवावा लागे. तेथून निघून तो देश १९४८ मध्ये उत्पन्न न विचारणाऱ्या आरोग्यसेवेपर्यंत पोचला. आपल्याकडे भोर समितीने १९४६ मध्येच म्हटले होते, की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये.

महाराष्ट्रात मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, पांढऱ्या कार्डाच्या कुटुंबांनाही योजनेत तात्पुरते सामावून घेतले गेले. २८ जून २०२३ रोजी मंत्रिमंडळाने रंगाची अट कायमची काढण्याचे आणि संरक्षण कुटुंबाला पाच लाखांपर्यंत वाढवण्याचे ठरवले. १ जुलै २०२४ पासून ते अमलात आले. गुरुजींच्या विद्यार्थिनीच्या वडिलांना आज रंगामुळे कोणी परत पाठवणार नाही.

अंतराची कसोटी अजून आहे

म्हणजे प्रश्न सुटला का? दाराशी असलेली उत्पन्नाची रेषा गेली. पण यादीतल्या उपचारांसाठी यादीतल्या रुग्णालयात दाखल व्हावे लागते. रक्तदाबाची रोजची गोळी किंवा साध्या तपासणीचा खर्च त्यात येत नाही. आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा पुणेच गाठावे लागते. जुन्नरहून पुणे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. डोंगरातल्या वाडीहून आधी गाडीरस्त्यापर्यंतची वाट वेगळी. रुग्णासोबत एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी, दोघांचे जेवण, फेऱ्यांचे भाडे. उपचार मोफत, पण पोचणे मोफत नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या काळातली अंतराची कसोटी कोणी न लिहिता येथे उभी आहे. फरक इतकाच, की तेव्हा ती मुद्दाम लावली होती.

शिक्षकांनी आठवी-नववीच्या वर्गात एक साधा उपक्रम करून पाहावा. मुलांना स्वतःच्या घराचे आकडे विचारू नयेत. ते कोणालाही लाजवणारे ठरते. पाच काल्पनिक घरे फळ्यावर मांडावीत : हिरडा वेचणारे, टोमॅटो पिकवणारे, कारखान्यात पगार घेणारे, दूध घालणारे, मजुरीवर जगणारे. प्रत्येकाचे तीन वर्षांचे उत्पन्न मुलांनीच ठरवावे. मग एक रेषा आखून, कोण आत आणि कोण बाहेर, हे पाहावे. नंतर त्यातल्या एका घरात एक मोठा आजार घालावा आणि हिशेब पुन्हा करावा.

उत्पन्न कशाने मोजायचे, या गुरुजींच्या प्रश्नाचे आमचे उत्तर आता असे आहे : ते ढोबळपणेच मोजता येते. म्हणून ज्या दारावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तेथे इतक्या ढोबळ पट्टीला पहारेकरी नेमू नये.