ब्रेटन वुड्स आणि हिंदुस्थानचें येणें

सन १९४४ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत, ब्रेटन वुड्स नांवाच्या डोंगराळ ठिकाणीं, चव्वेचाळीस राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले. युद्ध अद्याप संपलें नव्हतें. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचीं सैन्यें उतरून महिनाही लोटला नव्हता. तरी युद्धानंतर जगांतील चलनांचा व्यवहार कोणत्या नियमांनीं चालावा, हें ठरविण्यासाठीं माउंट वॉशिंग्टन हें प्रशस्त हॉटेल या मंडळींकरितां उघडण्यांत आलें होतें. अध्यक्ष अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ. नाणेनिधीच्या समितीचीं सूत्रें त्यांचेच सहकारी हॅरी व्हाइट यांचेकडे, तर जागतिक बँकेच्या समितीचीं इंग्लंडचे लॉर्ड केन्स यांचेकडे होतीं. पटावर नांवें चव्वेचाळीस असलीं, तरी मुख्य मसुदा या दोन सरकारांनीं आधींच आपसांत घासूनपुसून आणला होता.

हिंदुस्थान तेव्हां परतंत्र होता. त्याच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज, सर थिओडोर ग्रेगरी हेही इंग्रज. हिंदी सभासद तिघे : षण्मुखम् चेट्टी, मुंबईचे अर्देशिर श्रॉफ आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेल्या देशमुखांकडे ही गव्हर्नरची जागा येऊन अवघें एक वर्ष झालें होतें.

या तिघांच्या मनांत एकच हिशेब घोळत होता. युद्धकाळांत ब्रिटिश सरकारनें हिंदुस्थानांत धान्य, कापड, ताग, पोलाद असा अपार माल घेतला. पण त्याचें मोल सोन्यांत वा मालांत न देतां, लंडनमध्यें रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंडांचे आंकडे मांडले. त्या आंकड्यांच्या आधारावर येथें नोटा निघाल्या, नोटांमागून महागाई आली. १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळांत लक्षावधि माणसें मेलीं. त्या अनर्थास कारणें अनेक असलीं, तरी ही महागाई त्यांतलें एक मोठें कारण होतें. म्हणजे लंडनच्या वहींतील ती शिल्लक हिंदुस्थानच्या गरिबांनीं पोटाला चिमटा घेऊन सांठविली होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. युद्ध संपेपर्यंत ती सुमारें १३० कोटि पौंडांवर गेली.

हिंदी मंडळाची मागणी वस्तुतः फार माफक होती. सर्व रक्कम एकदम नको; तींतला कांहीं अंश तरी नाणेनिधीच्या द्वारें क्रमाक्रमानें इतर चलनांत बदलून मिळावा, म्हणजे अमेरिकेंतून यंत्रें घेतां येतील, इतकेंच त्यांचें म्हणणें. इजिप्तचीही अशीच रक्कम लंडनांत अडकली होती व त्यानें पाठिंबा दिला. श्रॉफ यांनीं समितींत सांगितलें कीं, बँकेंत दहा लक्ष डॉलर असून टॅक्सीचें भाडें देण्यापुरते सुटे पैसे खिशांत नसावेत, तशी आमची अवस्था करण्यांत येत आहे. केन्स यांनीं धनको देशांचे सौजन्यानें आभार मानले, देणें इभ्रतीनें फेडण्याचें आश्वासन दिलें, आणि हा प्रश्न इंग्लंड व त्याचे धनको यांनीं आपसांत मिटवावयाचा आहे असें सांगितलें. अमेरिकेनेंही तेंच धोरण धरलें. ऋणको हाच धनकोचा राज्यकर्ता असतां ‘आपसांत’ या शब्दाचा अर्थ काय, हें सभागृहांत कोणास समजलें नसेल असें नाहीं!

निधीच्या उद्देशांत अविकसित देशांच्या साधनसंपत्तीचा उल्लेख स्पष्टपणें व्हावा, हीही सूचना मान्य झाली नाहीं. ‘सर्व सभासदांच्या’ उत्पादक साधनांचा विकास, असे मोघम शब्द मात्र पदरांत पडले.

हिस्स्यांच्या वाटणींत अमेरिकेस २७५ कोटि डॉलर, ब्रिटनला १३०, रशियास १२०, चीनला ५५, फ्रान्सला ४५ आणि हिंदुस्थानला ४० कोटि असा क्रम लागला. पहिल्या पांच राष्ट्रांस आपला कार्यकारी संचालक स्वतः नेमण्याचा हक्क होता. रशियानें करारास मान्यता दिलीच नाहीं, आणि सहावा हिंदुस्थान पांचवा झाला. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वींच जगाच्या द्रव्यकारभारांत बड्या पांचांच्या पंक्तीस त्याचें पान मांडलें गेलें. आणि सन १९७० च्या सुमारास जपाननें तें स्थान घेईपर्यंत तें टिकलें.

येणें मात्र लंडनमध्येंच होतें. ऑगस्ट १९४७ मध्यें तात्पुरता करार होऊन त्यांतील थोडी रक्कम वापरावयास मोकळी झाली. १९४८ च्या करारानें इंग्रज अधिकाऱ्यांचीं निवृत्तिवेतनें व मागें राहिलेल्या लष्करी सामानाची किंमत यांपोटीं मोठी रक्कम वळती झाली. पुढें सप्टेंबर १९४९ मध्यें ब्रिटननें पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर उतरविली. खात्यावरील पौंडांचा आंकडा तोच राहिला. पण त्या पौंडांत अमेरिकेंतील जीं यंत्रें आलीं असतीं, त्यांतलीं जवळजवळ तिसरा हिस्सा कमी झालीं.