डेलियाची ठेव

आपल्या आवारातल्या कुंड्यांत थंडीत फुलतो तो डेलिया मूळचा मेक्सिकोचा. १७८९ च्या सुमारास त्याचं बी माद्रिदच्या राजोद्यानात पोचलं. १७९१ मध्ये काव्हानिलेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्वीडनच्या आंदेर्स डाल यांच्या स्मरणार्थ त्याचं नामकरण केलं.

युरोपात घोडं अडलं ते हिवाळ्यापाशी. जमीन गोठली की कंद मरतो. तेव्हा तिथल्या माळ्यांनी रीत बसवली: दहिवराने पानं काळी पडली की खोड वीतभर ठेवून छाटायचं, कंद अलगद उकरायचे, पोकळ खोडातलं पाणी निथळायला उलटे ठेवायचे आणि मग कोरड्या वाळूत, तळघरात. तिथे गारवा हवा, पण गोठण नको. ओल राहिली तर कुजतात, फार सुकले तर सुरकुततात. शिवाय बटाट्यासारखे डोळे कंदभर नसतात. ते मानेशी, खोडाच्या बुडाला असतात. मान तुटली, तर गलेलठ्ठ कंदही वांझ!

१८७२ साली मेक्सिकोहून हॉलंडला आलेल्या पेटीतला एकच कंद जगला, असं सांगतात. त्याला टोकदार पाकळ्यांचं लालभडक फूल आलं आणि कॅक्टस डेलियाचं घराणं सुरू झालं.

आपल्याकडे भीती पावसाळ्याची. म्हणून बहर सरला की कंद काढून कोरड्या वाळूत, सावलीत ठेवायचे. बँकेत मी जन्मभर ठेवी सांभाळल्या, पण ही ठेव पावती घेऊन विसरण्यातली नव्हे. महिन्यातून एकदा चाचपून कुजका कंद बाजूला काढावा लागतो, नाहीतर शेजारचेही जातात. पंचवीस वर्षं एकत्र नांदलेल्या सभासदांना हे वेगळं काय सांगायचं?