एक हिवाळी प्रवास आणि त्याची सनावळी

मंडळी, आधीच कबूल करते. मला जर्मन येत नाही आणि पाश्चात्त्य संगीताचं व्याकरणही कळत नाही. मराठी माध्यमाच्या शाळेत ३२ वर्षं इतिहास शिकवला, आणि गाणं म्हणाल तर रेडिओवर जे कानावर पडलं तेवढंच. त्यामुळे या लेखात स्वरांची चिरफाड शोधू नका. ती करणारे जाणकार आहेत.

जर्मनीतला भाचा मागच्या खेपेला आला तेव्हा एक पुडकं ठेवून गेला. म्हणाला, "मावशी, एकाच गाण्यांच्या सहा सीडी आहेत. तुला इतिहासाची आवड आहे ना, मग ऐकच." मी हसले होते. एकच गाणी सहा वेळा कशाला ऐकायची? आता गेले तीन महिने दुपारी वामकुक्षी सोडून तेच चाललं आहे.

ही गाणी म्हणजे फ्रान्त्स शूबर्टचं 'विंटररायझं', म्हणजे हिवाळ्यातला प्रवास. एक गायक, एक पियानो आणि २४ गाणी. गोष्ट म्हणावी तर फार थोडी आहे. प्रेमभंग झालेला एक तरुण रात्री, बर्फात, कुणाला न उठवता गाव सोडून निघतो. मग नुसतं चालणं. गोठलेली नदी, लिंबाच्या जातीचं नव्हे, लिंडेनचं एक झाड, पोस्टाची गाडी, डोक्यावर घिरट्या घालणारा कावळा, एक स्मशान. शेवटी त्याला गावाबाहेर अनवाणी उभा असलेला एक म्हातारा वादक भेटतो. त्याच्या ताटलीत पैसा नाही, त्याचं कुणी ऐकत नाही, कुत्री गुरगुरताहेत, आणि तो वाजवतोच आहे. तिथे सगळं संपतं.

कविता विल्हेल्म म्युलरच्या, संगीत १८२७ सालचं. कवी आणि संगीतकार एकमेकांना कधी भेटले नाहीत. म्युलर त्याच वर्षी वयाच्या ३२ व्या वर्षी गेला. शूबर्टला आजाराने पोखरलं होतं. दुसऱ्या भागाची मुद्रितं त्याने अंथरुणावर पडूनच तपासली. १९ नोव्हेंबर १८२८ ला तो ३१ व्या वर्षी गेला आणि तो भाग डिसेंबरात छापून आला. त्याने मित्रांना ही गाणी स्वतः गाऊन दाखवली होती, तेव्हा मित्र गोंधळले. त्यांच्यातला एक जण म्हणाला, मला यातलं फक्त झाडाचं गाणं आवडलं. शूबर्ट मात्र म्हणाला, मला माझ्या बाकी सगळ्या गाण्यांपेक्षा ही जास्त आवडतात.

आता एक गंमत. म्युलर गेला तेव्हा त्याला चार वर्षांचाही न झालेला एक मुलगा होता. तो मुलगा पुढे ऑक्सफर्डला गेला आणि त्याने सायणभाष्यासह ऋग्वेद छापला. हो, तेच आपले मॅक्समुल्लर! १८९७ साली लोकमान्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी शब्द टाकला, तुरुंगात त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवली, ते मॅक्समुल्लर. मी कितीतरी वर्षं वर्गात हे सांगत आले. पण त्यांचे वडील कवी होते आणि त्यांच्या कविता जगभर गायल्या जातात, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. शिक्षकांचं असं असतं बघा.

तर, सहा सीडी. आपल्याकडे एकच बंदिश तीन गवई गातील तर तीन निरनिराळे प्रासाद उभे राहतील, कारण बंदिश हा नुसता पाया असतो. इथे तसं नाही. स्वर, शब्द, पियानोचा प्रत्येक ठोका लिहिलेला. गायकाला फार तर पट्टी बदलता येते. मूळ गाणी उंच आवाजासाठी आहेत, भारदस्त आवाजाचे गायक ती खाली उतरवून घेतात. मग फरक कुठे पडतो? चाल किती संथ, श्वास कुठे घेतला, कुठला शब्द नुसता पुटपुटला, यात. आणि माझ्यासारख्या मास्तरणीला दिसलं ते असं, की फरक सालात पडतो.

संपूर्ण चक्राचं पहिलं ध्वनिमुद्रण १९२८ चं, शूबर्टच्या स्मृतिशताब्दीचं, व्हिएन्नाच्या हान्स डुहानचं. ते पुडक्यात नाही. माझी पहिली सीडी गेरहार्ड ह्यूशची, १९३३ ची. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटंच मावत, म्हणजे २४ गाण्यांची तबकड्यांची चळतच व्हायची. एवढा खर्च निघणार कसा, म्हणून एचएमव्हीने आधी वर्गणीदार जमवले आणि मग मुद्रण केलं. ह्यूशचं गाणं सरळ, नितळ, कुठेही रडारड नाही. एखादा सुसंस्कृत माणूस आपलं दुःख नीट घडी घालून सांगतो तसं. पण साल बघा, १९३३. जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला होता.

दुसरी सीडी लोटं लेमानची. ही बाई! गाणारा तरुण पुरुष, पण गाते बावन्न वर्षांची स्त्री. तिचं गोअरिंगशी बिनसलं होतं. पुढे १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींनी गिळल्यावर ती अमेरिकेत गेली आणि १९४०-४१ मध्ये तिथे तिने हे चक्र मुद्रित केलं. तिच्या आवाजात धग आहे. घर सोडून निघालेल्या माणसाची गाणी घर सुटलेली बाई गाते आहे, हे ठाऊक झाल्यावर पहिलंच गाणं निराळं ऐकू येतं.

तिसरी आणि चौथी सीडी मात्र मी ऐकली, बंद केली, पुन्हा लावली. तिसरी हान्स होटरची, १९४२-४३ ची. चौथी पेटर आंडर्सची, १९४५ च्या सुरुवातीची. दोन्हींत पियानोवर मिखाएल राउखआयझन, आणि चौथीचं मुद्रण बर्लिनच्या सरकारी रेडिओचं. म्हणजे गोबेल्सच्या खात्याचं. राउखआयझनला सगळी जर्मन गीतं मुद्रित करायची होती आणि शहरावर बॉम्ब पडत असतानाही ते काम चालू होतं. युद्धानंतर त्याच्यावर काही वर्षं बंदी होती. होटरचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. आंडर्सचा उंच, घायकुतीला आलेला, जणू त्याला ठाऊक आहे की वेळ उरलेला नाही. दोन्ही सुंदर आहेत, आणि अडचण तीच आहे. त्याच काळात छळछावण्या चालू होत्या. ज्यांच्या रेडिओने हे जपून ठेवलं, त्यांनीच त्या चालवल्या. मग हे सुंदर म्हणावं का?

उत्तर शोधत पाचव्या सीडीकडे वळले आणि तिथे अडकले.

डीट्रिश फिशर-डीस्काउ. जन्म १९२५, बर्लिनचा. जानेवारी १९४३ मध्ये, सतराव्या वर्षी त्याने त्सेलेनडॉर्फच्या नगरभवनात हे चक्र पहिल्यांदा जाहीरपणे गायलं. मध्येच विमानं आली. श्रोते आणि गायक सगळे तळघरात गेले आणि हल्ला संपल्यावर वर येऊन पुढची गाणी झाली. मग त्याला सैन्यात भरती केलं, रशियाच्या आघाडीवर घोड्यांची देखभाल करायला लावलं. इटलीत तो अमेरिकनांच्या हाती सापडला आणि दोन वर्षं युद्धकैदी होता. १९४७ मध्ये परत आला आणि जानेवारी १९४८ मध्ये बर्लिनच्या अमेरिकन विभागातल्या रेडिओसाठी त्याने 'विंटररायझं' गायलं. बाविसाव्या वर्षी, पियानोवर क्लाउस बिलिंग. माझ्याकडे आहे ते हे मुद्रण.

त्याला मार्टिन नावाचा भाऊ होता, शरीराने आणि बुद्धीने अपंग. नाझींनी त्याला संस्थेत नेलं आणि तिथे उपाशी ठेवून मारलं. असे तो एकटा नव्हता. १९३९ ते १९४१ या दोन वर्षांत अशा सुमारे ७०,००० माणसांना विषारी वायूने मारलं गेलं. आरडाओरड झाल्यावर ती मोहीम अधिकृतपणे थांबली, पण इस्पितळांमधून उपासमारीने आणि औषधांनी मारणं युद्ध संपेपर्यंत चालूच होतं. ही माणसं जगायला लायक नाहीत, असं कागदावर ठरवून.

आमच्या घरच्या मंडळींना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. माझा धाकटा भाऊ असाच होता. बोलणं नाही, धड चालणं नाही. आईने ४१ वर्षं त्याला हाताने भरवलं. संध्याकाळी तो रेडिओच्या लाकडी पेटीवर तळहात टेकून बसायचा. गायनाआधी तानपुरा सुरू झाला की त्याच्या गळ्यातून एक लांब 'अं' निघायचा, आणि तो कधीकधी बरोबर षड्जावर असायचा. येणारे-जाणारे म्हणत, देवाने याला लवकर सोडवावं. आणि आज लिहूनच टाकते, एकोणिसाव्या वर्षी, लग्नाची बोलणी त्याच्यामुळे फिसकटली तेव्हा, मलाही तसंच वाटलं होतं. कुणाला बोलले नव्हते. तो विचार वाईट होता हे मला तेव्हाही कळत होतं. पण तो विचार सरकारी कागदावर चढला की काय होतं, हे मी वर्गात दुसरं महायुद्ध शिकवताना सुद्धा कधी भावाशी जोडून पाहिलं नव्हतं.

शेवटच्या गाण्यात, त्या म्हाताऱ्या वादकाच्या, पियानोचा डावा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त दोन स्वर धरून असतो, षड्ज आणि पंचम. तानपुराच तो. वर गायक जवळजवळ बोलल्यासारखं गातो. बाविसाव्या वर्षीचा फिशर-डीस्काउ ते इतक्या हळू, इतक्या कमी आवाजात गातो की मला पहिल्यांदा वाटलं, सीडी संपली. मला जर्मन येत नाही, पण त्या वेळी माझे दोन्ही हात स्पीकरवर होते.

सहावी सीडी इंग्रजांची, १९६३ ची. गायक पीटर पिअर्स, पियानोवर बेंजामिन ब्रिटन. दोघेही युद्धाला नकार देणारे शांततावादी. त्याच्या आदल्या वर्षी, १९६२ मध्ये, जर्मन बॉम्बनी उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलसाठी ब्रिटनने 'वॉर रिक्विएम' लिहिलं, आणि त्यात पिअर्सच्या बरोबरीने गायला फिशर-डीस्काउला बोलावलं. यांच्या मुद्रणात पियानो नुसती साथ करत नाही, बर्फ, वारा आणि शांतता सगळं तोच होतो. फिशर-डीस्काउ पुढे १९९० पर्यंत हे चक्र पुन्हापुन्हा मुद्रित करत राहिला. त्याच्या साथीदारांत बॅरेनबॉइम आणि पेराया हे ज्यू पियानिस्टही होते. तो २०१२ मध्ये गेला.

मग होटर आणि आंडर्स ऐकावेत की नाही? भाच्याने फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मी ऐकते. सीडी फेकल्याने मार्टिन परत येणार नाही. पण आता प्रत्येक डबीवर मी ठळक अक्षरात साल लिहून ठेवलं आहे. मुलांना मी नेहमी सांगायची, सनावळ्या घोकू नका, कारणं समजून घ्या. आता वाटतं, सनावळीलाही थोडा मान द्यायला हवा होता. काही सुंदर गोष्टींच्या शेजारी त्यांचं साल लिहिलेलं असलंच पाहिजे.

असो. बरंच लांबलं. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी शेवटच्या गाण्यापासून सुरुवात करा, ते तुम्हाला परकं वाटणार नाही. आणि तुमच्या घरात असा कुणी न बोलणारा श्रोता असेल, तर त्यालाही शेजारी बसवा.