सेनिओकाठचा निरोप्या

वऱ्हाडातील आमच्या वर्गांत दुसरे महायुद्ध येते ते बेडेकरांच्या ‘रणांगण’मधून (१९३९), मराठी शिपाई मात्र येत नाही. म्हणून संगमनेर तालुक्यातील निमजच्या नामदेव जाधवांचे हे स्मरण. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत ते कंपनीचे निरोपे. ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीत सेनिओ नदीवर, गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना त्यांनी दोन खेपांत खोल पाण्यातून, सुरुंगांमधून सुखरूप आणले. मशीनगनची तीन ठाणी त्यांनी मोडली, ती नंतर. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. सन्मानपत्रात त्यांचा एकच दिवस आहे; उरलेल्या एकोणचाळीस वर्षांचा शोध घेणे हे मराठी गद्याचे काम आहे, असे आम्हांस वाटते.