बाँडचे वारस

१९६२ साली ‘डॉक्टर नो’ या चित्रपटात शॉन कॉनरी जेम्स बाँड म्हणून पडद्यावर आला. एडिंबरोत दूध पोहोचविण्याचे काम केलेला हा नट मूळ लेखक इयान फ्लेमिंग यास प्रथम रुचला नव्हता. पुढील कादंबऱ्यांत मात्र त्याने आपल्या नायकाला स्कॉटिश पिता बहाल केला. नटाने पात्राचे कुळ बदलावे, हे विरळाच.

रॉजर मूरने १९७३ ते १९८५ या काळात सात चित्रपट केले. ‘ऑक्टोपसी’त (१९८३) उदयपुरी आलेला त्याचा बाँड कामगिरीवर आहे की सहलीवर, असा आम्हांस प्रश्न पडतो. लोकांना तो आवडला, हे खरे.

आमचे मन जडते ते दुसऱ्या दोघांवर. ऑस्ट्रेलियन जॉर्ज लेझनबी १९६९च्या एकाच चित्रपटाचा धनी. गाजलेल्या अधिकाऱ्याच्या जागी रुजू होणाऱ्याचे नशीब त्याच्या वाट्यास आले. कॉनरीची सफाई त्याच्यापाशी नव्हती. पण गोळीस बळी पडलेल्या नवपरिणीत पत्नीला कवटाळून तो पुटपुटतो, तेव्हा या चाकरीची किंमत प्रथम कळते. टिमथी डाल्टनने फ्लेमिंगची पुस्तके अभ्यासून १९८७ व १९८९ मध्ये कडवट, शिणलेला हेर उभा केला. पुष्कळांना तो रुक्ष वाटला. पियर्स ब्रॉस्ननने पुन्हा रुबाब आणला.

२००६ पासून डॅनिएल क्रेगने तोच घाव उघडा केला, आणि त्याची वाहवा झाली. त्याच्या २०२१च्या अखेरच्या चित्रपटाच्या शेवटी लेझनबीच्या चित्रपटातले गीत ऐकू येते.