कमलनगरची तुकड्यांची गोधडी

गोधडीची सुरुवात जीर्ण लुगड्यापासून होते. बिदर जिल्ह्यातील कमलनगर, औराद, भालकी या पट्ट्यात तिला मराठी घरांत गोधडी किंवा वाकळ, तर कानडी घरांत कौदी म्हणतात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याकडे गेले आणि औराद, भालकी म्हैसूर राज्यात आले. टाका मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच राहिला.

सुगी उरकली की उन्हाळ्यात हे काम निघे. धुतलेले लुगडे जमिनीवर ताणून पसरायचे, त्यावर जुन्या धोतरांचे, सदऱ्यांचे थर द्यायचे, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचे. तुकडे जोडणे आणि थर शिवणे एकाच दोऱ्यात होते, हे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी बायांची कवंदीही अशीच कडेकडून मध्याकडे भरत जाते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुळलेली रीत वेगळी: तिथे लहान चौकोन सुटे शिवून, ते जोडून आधी पूर्ण वरचा पदर तयार करतात आणि थर नंतर देतात.

चौकोन जोडून पदर करण्याची रीत इथेही आली, ती मुख्यतः शिंप्याच्या यंत्रामुळे. हातमागाचे कापड महाग असताना कापून उरणारे थोडेच असे. गिरणीचे कापड स्वस्त झाले, गावोगावी शिंप्याची दुकाने निघाली आणि कातरणाचे ढीग मिळू लागले. सारख्या मापाचे चौकोन कापायचे, फिका-गडद आलटून पालटून मांडायचा, आधी पट्ट्या जोडायच्या, मग पट्टीला पट्टी. चार कोपरे जुळले नाहीत तर पदर एका बाजूला ओढतो. म्हणून कापतानाचे माप शिवणीपेक्षाही महत्त्वाचे. बाळाच्या दुपट्यासाठी मऊ झालेलेच तुकडे निवडतात. ही निवड डोळ्यांनी नव्हे, बोटांनी होते आणि तिच्यातले कसब सहसा मोजले जात नाही.

तयार गोधड्यांची चवड घडवंचीवर लागे. नवरात्राआधी त्या ओढ्यावर, मांजरेकाठी धुतल्या जात. ओली गोधडी पिळायला दोघी लागत.

सोलापुरी चादर आणि पुढे कारखान्याचे ब्लँकेट स्वस्त झाल्यावर हे काम घटले. टेरिकॉट, नायलॉनच्या साड्या टिकतात, पण घाम टिपत नाहीत. त्यामुळे वरचा पदर त्यांचा असला तरी जाणत्या बाया अंगाला लागणारी बाजू सुतीच ठेवतात.