तंजावर ते खलिफा सिटी: मराठी मुलांच्या शाळेतील महाकाव्ये आणि ग्रीक कथा

अबुधाबी बेटाच्या बाहेर, मुख्य भूमीवर आणि विमानतळाच्या जवळ वसलेली खलिफा सिटी ही गेल्या काही दशकांत उभी राहिलेली निवासी वसाहत असून तेथे आणि आसपासच्या भागात ब्रिटिश, अमेरिकी, आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट आणि भारतीय केंद्रीय मंडळ अशा निरनिराळ्या अभ्यासक्रमांच्या शाळा आहेत. या शाळांत जाणारी मराठी मुले अभिजात कादंबऱ्या, प्राचीन महाकाव्ये आणि ग्रीक पुराणकथा ज्या भाषेतून व ज्या क्रमाने वाचतात, तो क्रम त्यांच्या पूर्वजांच्या क्रमाच्या जवळजवळ उलटा आहे. इंग्लंडच्या २०१४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांना प्राचीन ग्रीस हा इतिहासाचा नेमलेला घटक आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळांत अनेक वर्षे सहावीला ‘बाल रामकथा’ आणि सातवीला ‘बाल महाभारत कथा’ ही हिंदी पूरक पुस्तके चालत आली. मराठीतील रामायण-महाभारताला मात्र यांपैकी कोणत्याही वर्गात जागा मिळाली नाही. ही स्थिती कशी आली हे समजण्यासाठी मराठी शाळेने परक्या आणि आपल्या अभिजात ग्रंथांशी दोनशे वर्षांत कसा व्यवहार केला, हे पाहावे लागते.

छपाईपूर्वीच्या काळात महाराष्ट्रातील गावोगावच्या शाळा पंतोजी चालवीत असत. पंतोजी म्हणजे गावकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर व अल्प दक्षिणेवर निर्वाह करणारा शिक्षक. त्याच्याकडे मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, मोडी लिहायला शिकत आणि संध्याकाळी परवचा, म्हणजे पाढे व तत्सम पाठांतर, एका सुरात म्हणत. महाकाव्य या शाळेत शिकवले जात नसे, कारण त्याची शाळा वेगळी होती. देवळातील पुराणिक आणि हरिदास भारत-रामायण सांगत, आणि चातुर्मासात घराघरांतून श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) व ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे ओवीबद्ध ग्रंथ वाचले जात. ज्या स्त्रियांना अक्षरओळख करून घेण्याची संधी समाजाने नाकारली होती, त्यांनाही कर्णाची कवचकुंडले आणि द्रौपदीची थाळी तपशिलासह ठाऊक असे. महाकाव्याचे ज्ञान साक्षरतेवर अवलंबून नव्हते, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात पुरेशा गांभीर्याने नोंदली गेलेली नाही.

ग्रीक वारसा मराठी मुलांपर्यंत प्रथम पोहोचला तो महाराष्ट्रात नव्हे, तर कावेरीच्या काठी. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांना जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली पाश्चात्त्य विद्येचा परिचय झाला होता. त्यांनी शाळा काढल्या, राजवाड्यात देवनागरी मुद्रणालय उभारले, आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने सिद्ध करवून घेतला. मुंबईत मराठी शालेय पुस्तकांचा विचार सुरू होण्याच्या कितीतरी आधी, तमिळ प्रदेशातील एका मराठी राजाला मुलांच्या हाती द्यायला ग्रीक परंपरेतील पुस्तक निवडावेसे वाटले, हे आजच्या परदेशस्थ मराठी कुटुंबांना विशेष जवळचे वाटायला हवे. कारण तंजावरचे मराठी लोकही मूळ भूमीपासून दूर, दुसऱ्या भाषेच्या मुलखात राहत होते आणि तरीही त्यांनी नवी विद्या आपल्या भाषेत आणली.

मुंबई इलाख्यात हेच काम गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळात सुरू झाले. १८२० नंतर एतद्देशीय भाषांतील शालेय पुस्तके तयार करण्यासाठी जी संस्था उभी राहिली, तिचे काम पाहणारे सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजेच बापू छत्रे, यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके दिली. ‘बाळमित्र’ हे बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकाचे इंग्रजीवरून केलेले भाषांतर होते. इसाप मात्र मराठीत असा रुळला की कोल्ह्याला आंबट लागलेली द्राक्षे परकी आहेत असे आज कोणालाच वाटत नाही. याचे कारण भाषांतराच्या भाषेत जितके आहे तितकेच कथांच्या जातीत आहे: पंचतंत्र आणि हितोपदेश यांमुळे बोलणारे प्राणी आणि शेवटी सांगितलेले तात्पर्य ही रचना मराठी श्रोत्याला आधीच परिचित होती.

आपले महाकाव्य शाळेत आले ते त्यानंतर, १८५४ मध्ये, परशुरामतात्या गोडबोले यांनी संपादिलेल्या ‘नवनीत’ या काव्यवेच्यांच्या संग्रहातून. मुक्तेश्वर, वामन पंडित, रघुनाथ पंडित, मोरोपंत अशा कवींचे निवडक भाग एकत्र करून त्यांना शालेय ग्रंथाचे रूप देण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न असून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि कित्येक पिढ्यांची काव्याची ओळख त्याच्याच पानांवर झाली. ‘नवनीता’मुळे एक महत्त्वाचा बदल घडला. देवळात कानांनी ऐकली जाणारी कथा वर्गात डोळ्यांनी वाचली जाऊ लागली आणि तिच्यावर प्रश्न विचारले जाऊ लागले.

हे वाचन प्रत्यक्षात कसे चाले, ते मोरोपंतांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. मोरोपंतांनी (१७२९ ते १७९४) संपूर्ण महाभारत आर्या वृत्तात मराठीत आणले. त्यांची आर्या बहुधा गीति प्रकारची, म्हणजे प्रत्येक ओळीत बारा आणि अठरा मात्रांचे दोन भाग असलेली असते. एवढ्या लहान जागेत पूर्ण प्रसंग बसवायचा म्हणून शब्दांचा क्रम उलटासुलटा होतो, समास लांबतात आणि क्रियापद कुठेतरी मध्येच दडते. त्यामुळे शिक्षक आधी मात्रा मोजून आर्या चालीवर म्हणवून घेत, मग मुलांकडून क्रियापद शोधून घेत, त्याचा कर्ता कोण व कर्म कोणते हे विचारीत, समास सोडवीत आणि शेवटी सगळे शब्द गद्याच्या क्रमाने मांडून अन्वय लावायला सांगत. अन्वय लागला की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की कवीने शब्द तसाच का ठेवला, हे कळू लागते. युरोपातील शाळांत होमर आणि व्हर्जिल ज्या रीतीने शिकवले जात, त्या रीतीशी ही पद्धत तंतोतंत जुळते. फरक एवढाच की मराठी मुलाला त्यासाठी मृत भाषा शिकावी लागत नव्हती. मराठी शाळेत रुजलेली ही वाचनविद्या पुढे ‘कठीण’ म्हणून टाकून देण्यात आली, हे मोठे नुकसान होय.

याच काळात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी दोन दिशांनी खिडक्या उघडल्या. १८५२ मध्ये त्यांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत लिहिले, आणि पुढील दशकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने अरेबियन नाइट्स इंग्रजीवरून मराठीत आणण्यास आरंभ केला. अथेन्समधील न्यायसभा आणि बगदादचा बाजार एकाच लेखणीतून मराठी घरात आला.

चित्र बदलले ते १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर. उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी झाली, अभिजात भाषा म्हणून संस्कृत, लॅटिन, फारसी यांना मान मिळाला आणि मराठीला विद्यापीठीय अभ्यासात पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले. त्याच १८५७ मध्ये बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १८९० नंतर हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली. तरीही अभ्यासाची कादंबरी म्हणजे इंग्रजी कादंबरी, हा समज शिकलेल्या वर्गात घट्ट बसला. मराठी कादंबरी शाळेत आली ती बहुधा धड्याच्या, म्हणजे एखाद्या उताऱ्याच्या रूपाने. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळ, अर्थात बालभारती, १९६७ मध्ये स्थापन झाल्यानंतर पाठ्यपुस्तके देखणी आणि स्वस्त झाली, तरी उताऱ्याची ही रीत कायम राहिली. उताऱ्यावर कादंबरी शिकता येत नाही. पात्र बदलत कसे जाते हे पाहायला पूर्ण पुस्तक हाती असावे लागते.

आता खलिफा सिटी ज्या भूमीवर उभी आहे, तिच्याकडे वळले पाहिजे, कारण ग्रीक कथा तिला नवीन नाहीत. शारजाच्या अमिरातीतील म्लेहा येथे झालेल्या उत्खननांतून अलेक्झांडरच्या नाण्यांच्या धर्तीवर स्थानिक पातळीवर पाडलेली नाणी मिळाली असून त्यांवर सिंहाचे कातडे डोक्यावर घेतलेल्या हेराक्लिसची प्रतिमा आहे. पुढे अरबी विद्वानांनी ग्रीक तत्त्वज्ञान, वैद्यक आणि गणित अतिशय परिश्रमाने आपल्या भाषेत आणले, ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचेही दहाव्या शतकात अरबी भाषांतर झाले. परंतु ज्या महाकाव्यांवर ते शास्त्र उभे आहे, ती होमरची काव्ये त्यांनी बहुतांशी बाजूला ठेवली. ‘इलियड’ अरबी पद्यात संपूर्ण आले ते १९०४ मध्ये, सुलेमान अल-बुस्तानी या लेबनानी विद्वानाच्या हातून, कैरोमध्ये. याउलट भारतीय पंचतंत्र पहलवी भाषेमार्गे आठव्या शतकातच इब्न अल-मुकफ्फा यांच्या ‘कलीला व दिम्ना’ या रूपाने अरबी गद्याचा मानदंड बनले होते. मराठीत ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये आणले आणि सोफोक्लीसचा ईडिपस पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठी रंगभूमीसाठी लिहिला. दोन्ही भाषांचा ग्रीकांशी असलेला संबंध असा स्वतंत्र, निवडक आणि अभिमानास्पद आहे.

अबुधाबीत तेलाची निर्यात १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र अस्तित्वात आले. त्यापूर्वी येथील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि १९६६ पर्यंत येथे रुपयाच चालत असे, म्हणून मुंबई या किनाऱ्याला कधीच परकी नव्हती. तेलाच्या काळात भारतातून आलेल्या नोकरदारांमध्ये मराठी माणसेही आली, कुटुंबे स्थिरावली आणि महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सव, नाटके व भाषेची आवड जिवंत ठेवली. २०२४ मध्ये अबुधाबीजवळील अबू मुरैखा येथे उघडलेल्या हिंदू मंदिराच्या दगडी कामात रामायण-महाभारतातील प्रसंग कोरलेले आहेत, त्यामुळे मुलांना ती कथा डोळ्यांनी पाहता येते. शाळेत वाचायला मात्र ती मराठीत मिळत नाही.

खलिफा सिटीतील पाचवीच्या वयाचा एखादा मराठी विद्यार्थी ग्रीसचा घटक शिकताना ट्रॉयचा लाकडी घोडा, झ्यूसची वीज आणि ओडिसियसचा परतीचा प्रवास शिकतो. वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात आहे. म्हातारी दाई त्याच्या मांडीवरील व्रणावरून त्याला ओळखते, आणि पत्नी पेनेलोपी मात्र जिवंत झाडाच्या बुंध्यावर घडवलेल्या त्यांच्या पलंगाचे गुपित त्याने सांगेपर्यंत विश्वास ठेवत नाही. महाभारताच्या वनपर्वातील नळ हाही राज्य गमावून, रूप पालटून, बाहुक नावाचा सारथी होऊन येतो. दमयंती दासीला पाठवून त्याची परीक्षा करते आणि त्याने शिजवलेल्या अन्नाची चव घेताच तिची खात्री पटते. एकीकडे सुतारकाम, दुसरीकडे पाककला. दोन्हीकडे पतीची ओळख त्याच्या हातच्या कसबावरून पटवणारी, सावध आणि बुद्धिमान स्त्री. ही तुलना करू शकणारे मूल होमरही अधिक चांगला वाचेल. परंतु त्यासाठी नळाची कथा त्याला ‘तशीच काहीतरी एक गोष्ट’ म्हणून ठाऊक असून भागत नाही; ती वाचलेली असावी लागते.

वरच्या वर्गांतही हेच दिसते. केंद्रीय मंडळाने काही वर्षे बारावीला ‘द इनव्हिजिबल मॅन’ आणि ‘सायलस मार्नर’ यांपैकी एक कादंबरी पूर्ण वाचायला लावली. इंग्लंडमधील जीसीएसई परीक्षेच्या २०१५ पासूनच्या साहित्य अभ्यासक्रमात एकोणिसाव्या शतकातील एक कादंबरी सक्तीची आहे. या दोन्ही गोष्टी स्तुत्य आहेत, कारण त्या मुलाला पूर्ण ग्रंथाशी झुंजायला शिकवतात. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटमध्ये तर शाळेत ज्या भाषेचा शिक्षक नाही, त्या मातृभाषेतील साहित्य शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यासण्याची सोयही ठेवलेली आहे. अशी सोय आपल्या भाषेसाठी मागण्याची इच्छा आधी पालकांत असावी लागते.

म्हणून आखाती देशांतील मराठी मंडळांनी आणि पालकांनी एक काम हाती घ्यावे. श्रीधर, मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या निवडक भागांचे, अन्वय व अर्थ दिलेले, इसापच्या व होमरच्या कथांशेजारी ठेवून वाचता येईल असे एक छोटे ‘नवनीत’ तयार करावे, आणि आठवड्याच्या सुटीत तासभर ते मुलांसोबत मोठ्याने वाचावे. पहिली आर्या बसायला दोन आठवडे लागले तरी चालेल. मुले ती सोडणार नाहीत.